पुनरावृत्ती टाळण्याचं शास्त्र : पवईतल्या कंपायलर-संशोधनाची वाटचाल

महाराष्ट्रातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाची पदवी घेतलेला कुणी भेटला, तर त्याच्यासमोर सहज ‘मूव्हर एरेग’ म्हणून पाहा. बहुतेकांना हसू फुटेल. मग टू-पास असेंब्लरचं प्रॅक्टिकल आठवेल, सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल आणि पूल टेबल आठवेल, आणि मूव्हर म्हणजे शून्य-चार, मूव्हेम म्हणजे शून्य-पाच असं तोंडपाठ करून एक्स्टर्नलसमोर बसलेली सकाळही. गंमत अशी की एरेग, ब्रेग, क्रेग, ड्रेग अशा चार रजिस्टरांचं हे यंत्र जगाच्या पाठीवर कुठंच बनलेलं नाही. ते कागदावरचं यंत्र आहे. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांनी विद्यार्थ्यांना असेंब्लर समजावा म्हणून ते आपल्या पुस्तकात मांडलं, आणि त्याच्यावर हजारोंनी परीक्षा दिल्या.

‘सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पुस्तकामुळे ‘ढमढेरे’ हे आडनाव कॅन्टीनमध्ये क्रमिक पुस्तकाचं नाव म्हणूनच चाललं. ‘ढमढेरे आणलंस का?’ असं विचारणाऱ्याच्या मनात माणूस नसे, पिवळी पडलेली झेरॉक्स असे. या माणसाचं मूळ काम असेंब्लरचं नव्हतंच, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते काम होतं कंपायलरनं प्रोग्राम सुधारायचा कसा, म्हणजे कोड ऑप्टिमायझेशनचं. पवईत, म्हणजे आय.आय.टी. मुंबईत, त्या कामाची जी परंपरा तयार झाली, तिची हकीकत या लेखात आहे. संगणकशास्त्र विभागाचा समग्र इतिहास इथे शोधू नये; डेटाबेस, अल्गोरिदम, भाषा-तंत्रज्ञान यांचा इतिहास त्या त्या क्षेत्रातल्यांनी लिहावा.

संस्थेचे इतिहास यंत्रांपासून सुरू करायची आपल्याकडे प्रथा आहे, ती थोडक्यात उरकतो. मुंबईत संगणक आला तो आधी कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं यंत्र १९६० साली चालू झालं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती. आज हातातल्या घड्याळातसुद्धा याच्या कित्येक पट जागा असते. आय.आय.टी. मुंबई १९५८ साली सुरू झाली ती सोव्हिएत संघाच्या आणि युनेस्कोच्या मदतीनं, त्यामुळे पवईचे पहिले संगणकही रशियन वळणाचे होते. साठच्या दशकात मिन्स्क आला, सत्तरच्या दशकात ई.सी.-१०३०. हा दुसरा आय.बी.एम.च्या ३६० मालिकेशी जुळणारा होता, म्हणजे लोखंड पूर्वेकडचं आणि त्यावर चालणाऱ्या भाषा पश्चिमेकडच्या. फोरट्रान, कोबोल, पी.एल./वन अशा भाषांतले प्रोग्राम ऐंशी रकान्यांच्या कार्डांवर पंच करायचे, गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील कागद हाती येईपर्यंत वाट पाहायची.

माझ्या मते पवईच्या कंपायलर-संशोधनाचा स्वभाव या टंचाईनं घडवला. नवी भाषा जन्माला घालून तिचा कंपायलर जगभर वाटावा, अशी यंत्रसामग्री इथे नव्हती. हाताशी होते कागद, समीकरणं आणि वेळ. त्यामुळे ‘कंपायलर कसा बांधावा’ यापेक्षा ‘कंपायलरला प्रोग्रामबद्दल काय काय सिद्ध करता येईल’ हा प्रश्न इथल्या मंडळींनी धरला. एकदा धरला तो चाळीस वर्षं सोडला नाही.

पहिला ठळक टप्पा १९८० सालचा. संगणक केंद्राच्या जडणघडणीत ज्यांचं नाव घेतलं जातं ते प्रा. जे. आर. आयझॅक आणि ढमढेरे या दोघांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. लूपमध्ये दर फेरीला होणारा गुणाकार काढून तिथे बेरीज आणायची, आणि लूपमध्ये न बदलणारा हिशेब लूपबाहेर हलवायचा, अशी दोन कामं तोवर वेगवेगळ्या पद्धतींनी होत. ती एकाच रीतीनं करता येतील, असं त्यात दाखवलं होतं. ॲरेचा पत्ता काढताना क्रमांकाला चारनं गुणत बसण्यापेक्षा दर फेरीला चार मिळवत जाणं स्वस्त पडतं, हे आपल्यालाही कळतं. खरी मेहनत असते ती हे कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, ते यंत्राला निर्विवादपणे ठरवता येण्यात. १९८२ मध्ये एस. एम. जोशी यांच्याबरोबर याच वाटेवरचं पुढचं काम आलं, आणि १९८३ मध्ये ‘कंपायलर कन्स्ट्रक्शन’ हे ढमढेऱ्यांचं पुस्तक. भारतात लिहिलेलं आणि भारतीय विद्यार्थ्याला परवडेल असं कंपायलरवरचं पुस्तक तेव्हा हाती लागणं ही मोठी सोय होती.

दरम्यान १९७९ साली फ्रान्समधल्या मोरेल आणि रेनव्वाज या जोडीनं एक सुंदर कल्पना मांडली होती. तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

समजा, प्रोग्रामच्या दोन वाटा एका ठिकाणी मिळतात. पहिल्या वाटेवर ‘अ गुणिले ब’ हा हिशेब झालेला आहे, दुसऱ्या वाटेवर झालेला नाही. वाटा मिळाल्यावर तोच हिशेब पुन्हा मागितलेला आहे. पहिल्या वाटेनं आलेल्यासाठी तो वाया, दुसऱ्या वाटेनं आलेल्यासाठी गरजेचा. पूर्ण वाया असता तर सरळ काढून टाकता आला असता. इथे पुनरावृत्ती अर्धवट आहे. मोरेल आणि रेनव्वाज म्हणाले, दुसऱ्या वाटेवर तो हिशेब आधीच करून ठेवा, म्हणजे मिळाल्यानंतरचा पूर्णच वाया ठरेल आणि निर्धास्तपणे काढता येईल. कोणत्याही वाटेवर काम वाढत नाही, एका वाटेवर कमी होतं. लूपमधला न बदलणारा हिशेब बाहेर काढणं हा याचाच एक प्रकार निघाला. वेगवेगळी वाटणारी बरीच कामं एका छत्राखाली आली.

अडचण होती ती हिशेब ठेवायचा कुठे याची. मोरेल-रेनव्वाज पद्धतीत तो फक्त ठोकळ्याच्या, म्हणजे मध्ये फाटे न फुटता सलग चालणाऱ्या ओळींच्या गटाच्या, शेवटी ठेवता येई. काही जोडरस्ते असे असतात की ते जिथून निघतात तिथून आणखीही फाटे फुटतात, आणि जिथे पोचतात तिथे आणखीही रस्ते येऊन मिळतात. आय.आय.टी.च्या दारावरून जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता घ्या. या रस्त्यानं जाणाऱ्यांकडूनच टोल घ्यायचा असेल, तर नाका पश्चिम द्रुतगती मार्गावर टाकून चालत नाही, कारण बोरिवलीकडे निघालेला बिचारा फुकट भरडला जातो. पूर्व द्रुतगती मार्गावर टाकला तर ठाण्याहून येणारा भरडला जातो. नाका जोडरस्त्यावरच हवा. ढमढेऱ्यांनी नेमकं हेच केलं. हिशेब ठोकळ्यात न ठेवता दोन ठोकळ्यांमधल्या रेषेवर ठेवायचा, गरज पडली तर तिथे नवा ठोकळा घालायचा. याला एज प्लेसमेंट म्हणतात. ऑक्टोबर १९८८ च्या ‘सिगप्लान नोटिसेस’मध्ये हा निबंध आला. त्याच महिन्यात ‘टॉप्लास’ या दुसऱ्या नियतकालिकात ड्रेक्सलर आणि श्टाडेल या दोन जर्मनांचा, मोरेल-रेनव्वाज पद्धतीतल्याच एका अडचणीवर तोडगा सांगणारा निबंध छापून आला. एकमेकांपासून हजारो मैलांवर बसलेली माणसं एकाच गाठीला हात घालत होती.

१९९१ मध्ये ‘टॉप्लास’मध्ये ढमढेऱ्यांचा पुढचा निबंध आला. मोरेल-रेनव्वाज पद्धत प्रत्यक्ष कंपायलरात वापरायची तर तिच्यात काय बदल करावे लागतील, हा त्याचा विषय. हिशेब गरजेपेक्षा फार वर उचलला तर त्याचं उत्तर रजिस्टरात अडकून बसतं, आणि रजिस्टरं मोजकीच असतात. ही तक्रार वाचायला किरकोळ वाटते. पण कंपायलर लिहिणाऱ्याला ती रोज छळते.

आता हे काम पवईबाहेर पोचलं, याच्या पुराव्याकडे येतो. जी.सी.सी. हा मुक्त कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जगापुढे आणला. लिनक्सचा गाभा त्यावर बांधला जातो आणि असंख्य उपकरणांच्या पोटातलं सॉफ्टवेअर त्यातून निघतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुनरावृत्ती काढण्यासाठी त्यात एक नवी फाइल आली, ‘जी.सी.एस.ई. डॉट सी’. तिच्या माथ्यावरच्या टिपणात हे काम करताना कोणते ग्रंथ आणि निबंध चाळले, त्यांची यादी आहे. आहो, सेठी आणि उलमन यांचं पुस्तक आहे, मोरेल-रेनव्वाज आहेत. आणि त्या रांगेत ‘डी. एम. ढमढेरे’ हे नाव एकदा नव्हे, तीनदा येतं: १९८८, १९९१ आणि १९९२. फाइल लिहिणारे लोक पवईचे नव्हते. आपल्या अडचणीचं उत्तर त्यांना तिथे मिळालं, एवढंच. भारतातल्या कंपायलर-संशोधनाला मिळालेला मोठा गौरव कोणता, असं मला विचाराल तर मी एखादं पदक सांगणार नाही, ही यादी दाखवीन.

त्यातला १९९२ चा निबंध ‘पी.एल.डी.आय.’ परिषदेतला, रोझेन आणि झेडेक यांच्यासोबत लिहिलेला. आजच्या जवळपास प्रत्येक कंपायलरच्या गाभ्याशी असलेली एस.एस.ए. ही मांडणी ज्यांनी दिली, त्यांतले हे दोघे. प्रचंड प्रोग्रामांचं विश्लेषण करताना सगळे हिशेब एकाच गाठोड्यात न बांधता एकेक हिशेब सुटा घेऊन तपासावा, असं या निबंधाचं म्हणणं. योगायोग पाहा. त्या परिषदेच्या कार्यवृत्तात हा निबंध संपतो त्याच्या पुढच्याच पानावर क्नूप, र्‍युथिंग आणि श्टेफेन या जर्मन त्रयीचा ‘लेझी कोड मोशन’ सुरू होतो. पवईच्या वाटचालीला वळण देणारा निबंध असा शेजारीच येऊन बसला होता.

ते वळण कळायला आधी थोडं मागे जायला हवं. मोरेल-रेनव्वाज पद्धतीत माहिती दोन्ही दिशांनी वाहते. एखाद्या ठिकाणी हिशेब ठेवावा की नाही, हे पुढे काय होणार यावर ठरतं आणि मागून काय आलं यावरही. अशा उभय-दिशांच्या विश्लेषणाचा खर्च किती, ते किती फेऱ्यांत थांबेल, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. हा प्रश्न ढमढेरे आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी घेतला. एकदिशा विश्लेषणासाठी, ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या आलेखाची ‘खोली’ हे माप होतं. या दोघांनी ‘रुंदी’ हे माप आणलं आणि फेऱ्यांची मर्यादा त्यावरून बांधून दिली. १९९३ च्या ‘पॉपल’ परिषदेत तो निबंध वाचला गेला. त्याच वर्षी हरीश पाटील यांच्यासोबत एज प्लेसमेंटवरचा निबंध आला, आणि १९९४ मध्ये ढमढेरे-खेडकर जोडीचा व्यापक सिद्धान्त. जोशी, पाटील, धनेश्वर, खेडकर: त्या काळातली या विषयाची संदर्भसूची मराठी शाळेतल्या हजेरीपटासारखी दिसते, हे जाता जाता.

लेझी कोड मोशननं मात्र असं दाखवलं होतं की या कामाला उभय-दिशांची समीकरणं लागतच नाहीत. चार सरळ, एकाच दिशेची विश्लेषणं एकामागून एक केली की तेच साधतं, आणि हिशेब शक्य तितका उशिरा ठेवल्यामुळे रजिस्टरही मोकळं राहतं. जगानं ही पद्धत उचलली. अशा गौरवाच्या लेखात असं लिहायची पद्धत नाही, पण लिहिलं पाहिजे: उभय-दिशांच्या सिद्धान्ताची व्यावहारिक गरज त्यामुळे बरीच कमी झाली. पवईकर मात्र त्यावरून मुकाट्यानं उठून गेले नाहीत. १९९९ मध्ये ढमढेरे-खेडकर यांनी उभय-दिशा विश्लेषणाबद्दलचे समज आणि वास्तव मांडणारा निबंध लिहिला. २००२ मध्ये ढमढेऱ्यांनी ‘ई-पाथ’ या कल्पनेवर हाच सगळा विषय पुन्हा सोपा करून दाखवला. कोणत्या वाटेवरून गेलं की पुनरावृत्ती काढता येते, ती वाट आधी ओळखा, बाकीचं आपोआप सुटतं, असा त्याचा आशय. तोवर पहिल्या निबंधाला बावीस वर्षं झाली होती. विद्यार्थ्याला कळेल असं लिहिण्याची हातोटी मूव्हर एरेगपासून इथवर तीच आहे, असं मला वाटतं. पण या मधल्या काळात पवईनं सिद्धान्ताच्या बरोबरीनं स्वतःचा चालता कंपायलर जगापुढे ठेवला असता, तर तिचं नाव आणखी दूर गेलं असतं, हेही खरं.

ती उणीव पुढच्या पिढीनं बरीच भरून काढली. खेडकर मधली काही वर्षं पुणे विद्यापीठात शिकवून पवईला परतले, आणि प्रा. अमिताभ सन्याल, प्रा. सुप्रतिम बिस्वास यांच्याबरोबर कामाचा पट रुंदावला. २००७ मध्ये खेडकर, सन्याल आणि अमेय करकरे यांचा हीपवरचा, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेल्या स्मृतीवरचा, निबंध ‘टॉप्लास’मध्ये आला. जावासारख्या भाषांत कचरा गोळा करणारी यंत्रणा असते, पण ती फक्त पोचता न येणाऱ्या वस्तू उचलते. पोचता येते पण पुढे कुणी वापरणार नाही, अशी वस्तू तशीच जागा अडवून राहते. कोणता दुवा यापुढे लागणार नाही हे कंपायलरनं आधीच ओळखावं आणि तो तोडून टाकावा, म्हणजे कचरेवाल्याचं काम सोपं होईल, असा हा विचार. अमेय करकरे पुढे आय.आय.टी. कानपूरला प्राध्यापक झाले. २००९ मध्ये खेडकर, सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं ‘डेटा फ्लो ॲनालिसिस’ हे पुस्तक आलं. या विषयाचा सिद्धान्त आणि प्रत्यक्ष कंपायलरातली अंमलबजावणी दोन्ही एकाच बांधणीत देणारं पुस्तक दुर्मीळच असतं. २०१२ मध्ये केंब्रिजच्या ॲलन मायक्रॉफ्ट यांच्यासोबत पॉइंटर विश्लेषणावरचं काम झालं: जो पॉइंटर पुढे वापरलाच जाणार नाही, तो कुठे रोखलेला आहे हे शोधत बसू नका. म्हणजे पुन्हा वाया जाणाऱ्या कामावरच रोख.

माझ्या दृष्टीनं या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जी.सी.सी. रिसोर्स सेंटर. जी.सी.सी.मध्ये दहा लाखांहून अधिक ओळी आहेत. अशा ढिगाऱ्यात नवा विद्यार्थी उतरला की पहिल्या आठवड्यातच हाय खातो. त्यातही त्याची रचना विचित्र. कंपायलर बांधला जात असताना यंत्राचं वर्णन करणारी फाइल वाचली जाते, त्यातून सी भाषेतल्या आणखी फाइली तयार होतात, आणि त्या मिळून मग कंपायलर बनतो. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या कोडमध्ये जे शोधावं ते सापडत नाही, कारण ते अजून जन्मलेलंच नसतं. पवईच्या मंडळींनी या रचनेचे मोजके गाभ्याचे मुद्दे वेगळे काढले. ‘स्पिम’ या शिकाऊ यंत्रासाठी वर्णन पायरीपायरीनं वाढवत नेलं. आधी रिकामा प्रोग्राम चालेल एवढंच, मग साधी नेमणूक, मग अंकगणित, मग फंक्शन. यावर त्यांनी कार्यशाळा घेतल्या आणि स्लाइड सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. ज्या कंपायलरच्या टिपणात आपल्या गुरूचं नाव होतं, तो उघडून दाखवण्याचं काम शिष्यानं केलं. यात कुणी ठरवून काही केलेलं नव्हतं.

विद्यार्थ्यांबद्दल एवढंच सांगतो की ते विखुरले. कुणी परदेशी विद्यापीठांत गेले, कुणी चिप बनवणाऱ्या कंपन्यांत, कुणी देशातल्या इतर आय.आय.टी.त. आपल्या उद्योगानं मात्र या ज्ञानाचा उपयोग फार उशिरा आणि फार थोडा केला. १९८१ साली पुण्यात सुरू झालेलं टाटांचं संशोधन केंद्र, टी.आर.डी.डी.सी., हा ठळक अपवाद. झ्युरिकच्या पास्कल कंपायलरवर काम केलेले केशव नोरी तिथे होते, आणि प्रोग्रामांचं विश्लेषण हा तिथला जिव्हाळ्याचा विषय राहिला. बाकी ठिकाणी कंपायलर म्हणजे बाहेरून येणारी वस्तू, अशीच समजूत बरीच वर्षं टिकली. आता देशी प्रोसेसर बनवण्याची भाषा सुरू झाली आहे, तेव्हा त्यांच्यासाठी कंपायलर कोण लिहिणार हा प्रश्नही निघाला. निदान त्याचं उत्तर देणारी माणसं तयार आहेत, आणि याचं श्रेय कोणत्याही योजनेपेक्षा पवईच्या वर्गांना जास्त जातं.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या इतिहासाची छापील बाजू सुरक्षित आहे. निबंध आणि पुस्तकं कुठेही मिळतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली वर्गातली टिपणं, सायक्लोस्टाइल केलेल्या असाइनमेंट, ई.सी.-१०३० वरची लिस्टिंग, एम.टेक.च्या प्रबंधांच्या कच्च्या प्रती मात्र माळ्यांवर आणि लोखंडी कपाटांत आहेत, आणि दर घरबदलाला त्यातलं काही रद्दीत जातं. आपल्याकडे असं काही असेल तर ते टाकून देण्याआधी विभागाकडे पाठवावं. झेरॉक्स चालेल, फोनवर काढलेला फोटोही चालेल. फक्त कोणत्या वर्षाचं आणि कोणत्या विषयाचं आहे, एवढं सोबत लिहायला विसरू नये.